शेवटच्या वर्षाचं काम : उपयोजित कलेच्या विद्यार्थ्यांचे प्रश्न

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं उपयोजित कलेच्या चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची आहेत, एक पत्र पालकांचं. सबमिशन आणि ज्युरी (परीक्षकांसमोर काम मांडणं) तोंडावर आल्याचं प्रत्येक ओळीत दिसतं. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत. शिकवणाऱ्यांनी आणि छपाईच्या धंद्यात असलेल्यांनी मिळून उत्तरं लिहिली आहेत.

आमच्या महाविद्यालयात यंदा फायनल प्रोजेक्टसोबत हजार-दीड हजार शब्दांचं मनोगत द्यायचं आहे : वर्षभरात काय केलं, स्वतःत काय बदल झाला. माझा प्रोजेक्ट म्हणजे एसटी स्थानकावरच्या वेळापत्रक फलकाचं नवं डिझाइन. 'या प्रोजेक्टमुळे खूप शिकायला मिळालं, आत्मविश्वास वाढला, संशोधनाचं महत्त्व कळलं' असं मी लिहिलं. मॅडमनी 'यात तू कुठेच नाहीस' असा शेरा मारून कागद परत दिला. नेमकं काय लिहायचं?
— विद्यार्थिनी, चौथं वर्ष, कोल्हापूर

मॅडमचा शेरा कडक आहे, पण खरा आहे. तुमचं प्रत्येक वाक्य शेजारच्या टेबलावरच्या प्रोजेक्टला लावून बघा. जे तिथेही चालतं ते काढून टाका. 'आत्मविश्वास वाढला' हे कुणीही लिहू शकतं. तुमचे निर्णय मात्र तुमच्याशिवाय कुणाला लिहिता येणार नाहीत. मनोगतात परीक्षक तेच शोधत असतात.

लिहायला बसण्याआधी वर्षभराचं सगळं बाहेर काढा : थंबनेल (लहान कच्ची चित्रं), रफ, ज्युरीतले शेरे, स्थानकावर काढलेले फोटो, फाइलच्या जुन्या आवृत्त्यांचे प्रिंट. तारखेप्रमाणे जमिनीवर मांडा. तारखा लिहिल्या नसतील तर फोनमधले फोटो आणि फाइल सेव्ह झाल्याच्या नोंदी कामी येतात. मग कामाने वळण कुठे घेतलं ते बघत चला. वर्षभराच्या प्रोजेक्टमध्ये अशी मोठी वळणं चार-पाचच असतात. दर वळणाला चार गोष्टी सांगायच्या. आधी काय होतं? ते चुकतंय हे कशावरून कळलं? मग काय बदललं? आणि त्या बदलापायी काय सोडावं लागलं? विद्यार्थी चौथा प्रश्न बहुतेक गाळतात, आणि त्यामुळे प्रत्येक निर्णय फुकटात मिळाल्यासारखा वाटतो.

तुमच्याच फलकाचं उदाहरण घेऊ. समजा, पहिल्या आराखड्यात अक्षराची उंची, म्हणजे शिरोरेषेपासून पायापर्यंत, 12 मिमी होती. कॉम्प्युटरवर ती भरपूर वाटते. स्थानकावर फलकासमोर बाक असतात, सामान असतं, माणसं उभी असतात, त्यामुळे लोक जवळपास 4 मीटरवरून वाचतात. फलकांसाठी साधा हिशोब असा की अंतराला 200 ने भागायचं : 4000 मिमी भागिले 200 म्हणजे 20 मिमी. आता परिणाम बघा. 1200 मिमी उंचीच्या फलकात शीर्षकाची 150 मिमी जागा सोडली तर 1050 मिमी उरतात. 12 मिमीच्या अक्षराला 24 मिमीची ओळ धरली होती, तेव्हा 43 ओळी बसत होत्या. 20 मिमीला 40 मिमीची ओळ लागते, आणि बसतात 26. गाड्या तर तेवढ्याच आहेत.

खरं डिझाइन इथे सुरू होतं. प्रत्येक गाडीला एक ओळ ही जुनी रचना आता चालत नाही. मग लक्षात येतं की प्रवासी '10.40 ची गाडी कुठे जाते' असं विचारत नाही, 'गारगोटीची पुढची गाडी कधी' असं विचारतो. म्हणून प्रत्येक गावाला एक ओळ द्यायची आणि तिच्यापुढे दिवसभराच्या वेळा ओळीने मांडायच्या. गारगोटी, राधानगरी, गडहिंग्लज, पन्हाळा ही नावं अकारविल्हे लावायची की दिशेप्रमाणे, हा पुढचा निर्णय. आणि सोडलं काय? 'मार्गे' हा रकाना गेला. मधल्या गावी उतरणाऱ्याची त्यामुळे अडचण झाली, तीही लिहा. 12 मिमी ते 20 मिमी आणि गाडी ते गाव हा प्रवास चारशे शब्दांत मांडलात तर 'संशोधनाचं महत्त्व कळलं' हे वाक्य लिहावंच लागणार नाही.

जे जमलं नाही त्यालाही शेवटी दीड-दोनशे शब्द द्या. वेळा बदलल्या की फलक कोण बदलणार? त्यासाठी दर वेळी कॉम्प्युटर लागणार असेल तर थोड्याच महिन्यांत फलकावर हाताने लिहिलेले कागद चिकटतील. सरकत्या पट्ट्यांचा विचार केला होता का, खर्चामुळे सोडला का, संध्याकाळच्या उजेडात फलक तपासला का? अशी त्रुटी स्वतः नेमकी लिहिणाऱ्याचे गुण परीक्षक सहसा कापत नाहीत. लपवलेली त्रुटी मात्र तोंडी परीक्षेत हमखास बाहेर येते.

तिसऱ्या वर्षात असलेल्यांसाठी एक सूचना. जुन्या फाइलवर नवी सेव्ह करू नका. नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहा, म्हणजे आवृत्त्या आपोआप क्रमाने लागतात. 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल शेवटची' अशा नावांच्या फाइलींतून वर्षाचा प्रवास पुन्हा जुळवता येत नाही.

'पाणी वाचवा' या विषयावर कॅम्पेन करतोय. सर म्हणतात विषय फार मोठा आहे. लहान करायचा म्हणजे काय करायचं?
— विद्यार्थी, नाशिक

एक जागा, एक माणूस आणि एक कृती ठरवा. 'पाणी वाचवा' हे सगळ्यांना उद्देशून आहे, म्हणून ते कुणालाच लागू होत नाही. 'पंचवटीतल्या एका सोसायटीत टाकी भरून वाहत असताना पंप बंद करणारा वॉचमन' हा विषय आहे. तिथे तुम्हाला दोन पोस्टर लागतील की स्विचजवळचा एक स्टिकर आणि टाकीवरची एक खूण पुरेल, हे तिथे जाऊन उभं राहिल्यावर ठरेल. आठ-दहा माणसांशी बोला आणि त्यांची वाक्यं जशीच्या तशी टिपून ठेवा. चांगली हेडलाइन बऱ्याचदा त्यांच्याच तोंडून मिळते. थेंब, हात आणि पृथ्वीचा गोळा ही चित्रं पहिल्या तासाभरात सुचतात. ती कागदावर उतरवून बाजूला ठेवा आणि त्यानंतर जे सुचेल त्यावर काम करा.

कोकम आगळ आणि अमृत कोकम यांच्या बाटल्यांसाठी खोकी केली. स्क्रीनवर रंग सुंदर होता. छापून आल्यावर वांग्यासारखा मळकट दिसतोय, घड्यांवर पांढऱ्या रेषा पडल्यात आणि चिकटवलेली पट्टी दुसऱ्या दिवशी सुटली. 300 जीएसएम (चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाच्या) आर्ट कार्डवर डिजिटल प्रिंट काढून मॅट लॅमिनेशन केलं होतं. ज्युरीला तीन आठवडे आहेत.
— विद्यार्थिनी, सावंतवाडी

तीन आठवडे पुरेसे आहेत. तीन दोष आहेत आणि तिन्हींची कारणं वेगवेगळी आहेत.

रंगापासून सुरुवात करू. स्क्रीन उजेडातून रंग दाखवते, छपाई चार शाईंतून. कोकमाचा झळाळता लाल-जांभळा त्या चार शाईंच्या आवाक्याच्या काठावर पडतो. फाइल आरजीबीमध्ये (स्क्रीनच्या रंगपद्धतीत) केली आणि मशीनने परस्पर रूपांतर केलं, तर निळा जास्त चढतो आणि लाली मरते. त्यात मॅट लॅमिनेशन चकाकी घालवतं, गडद रंग आणखी करडे दिसतात. उपाय असा : फाइल सुरुवातीपासून सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या त्या चार शाईंच्या रंगपद्धतीत ठेवा. एका 12 बाय 18 इंची शीटवर आठ चौकोन काढा. मॅजेंटा (गुलाबी-लाल) सगळ्यांत 100 टक्के ठेवा, सायन (निळा) 15 ते 45 पर्यंत पायरीपायरीने वाढवा, काळा 0 ते 30, पिवळा 30 ते 70. प्रत्येक चौकोनाखाली त्याचे आकडे छापा. ही शीट खोक्याच्याच कागदावर, त्याच मशीनवर काढा आणि अर्ध्या भागाला मॅट, अर्ध्या भागाला ग्लॉस लॅमिनेशन करून आणा. दिवसाच्या उजेडात खऱ्या आगळाच्या बाटलीशेजारी धरून रंग निवडा. खर्च एका शीटचा, आणि हीच शीट तुमच्या प्रक्रियेच्या वहीतलं सर्वांत बोलकं पान होईल. चारही शाईंची बेरीज 300 टक्क्यांच्या आत ठेवा. त्यापुढे ऑफसेटवर (प्लेटवरून होणाऱ्या छपाईत) शाई वाळायला वेळ घेते आणि मागच्या शीटला डाग लागतात.

घडीवरच्या पांढऱ्या रेषा क्रीझिंग (घडीच्या जागी आधी दाबून चर पाडणं) न केल्याने किंवा चुकीचं केल्याने पडतात. डिजिटल छपाईत टोनर, म्हणजे रंगाची पूड, कागदावर थरासारखा बसतो, आत मुरत नाही. घडी पडली की थर तडकतो आणि खालचा पांढरा कागद डोकावतो. बरेच विद्यार्थी घडी सरळ यावी म्हणून बाहेरून कटरने हलकी रेघ मारतात. त्याने छापलेला थरच कापला जातो. क्रम असा ठेवा : छपाई, मग लॅमिनेशन, मग क्रीझ, मग कटिंग आणि शेवटी घडी. हाताने करायचं असेल तर छापील बाजू वर ठेवून, स्टीलच्या पट्टीला लावून, शाई संपलेल्या बॉलपेनने दोनदा दाबून चर पाडा. आतल्या बाजूला उंचवटा उठेल. घडी त्या उंचवट्याच्या बाजूला, म्हणजे मागे वळवा. उलट वळवली की ताण उंचवट्यावर येतो आणि तडा जातो.

कागदाच्या धाग्याची दिशाही बघा. एकाच कार्डाच्या लांबीकडून एक आणि रुंदीकडून एक अशा दोन सारख्या पट्ट्या कापून टोकाला धरा. जी कमी वाकते तिच्यात धागा लांबीच्या दिशेने आहे. पुस्तिका किंवा ब्रोशरमध्ये घडी धाग्याला समांतर हवी. खोक्यात मात्र उभ्या घड्या सहसा धाग्याला आडव्या ठेवतात, नाहीतर बाजू पोट सुटल्यासारख्या फुगतात. म्हणूनच खोक्याला क्रीझिंग टाळता येत नाही. एवढं करूनही गडद रंगात बारीक रेघ दिसली तर आर्ट कार्ड सोडून फोल्डिंग बॉक्स बोर्ड वापरून बघा. तो घडीसाठीच बनवलेला असतो आणि त्याच वजनात जाड व ताठ असतो.

पट्टी सुटली ती लॅमिनेशनमुळे. चिकटवायच्या पट्टीची बाहेरची बाजू दुसऱ्या बाजूच्या आतल्या कागदाला लागते आणि तिच्यावर प्लास्टिकची फिल्म असते. साधा फेविकॉल कागदात मुरतो, फिल्मवर धरत नाही. ज्युरीच्या डमीसाठी (नमुना खोक्यासाठी) चांगला डबल टेप लावा, नाहीतर पट्टी पॉलिश पेपरने खरखरीत करून घ्या. पट्टी 12 ते 15 मिमी रुंद ठेवा आणि तिच्यावर छपाई करू नका, फक्त घडीलगत 3 मिमी रंग आत येऊ द्या.

पत्रासोबत आलेल्या फोटोत आणखी काही दिसलं. बारकोड लाल पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेघांचा केला आहे. दुकानातल्या स्कॅनरचा उजेड बहुधा लाल असतो, त्याला लाल रंग पांढराच दिसतो. काळ्या रेघा आणि पांढरी जमीन हेच ठेवा. 13 आकडी बारकोडचा मूळ आकार 37.29 बाय 25.93 मिमी असतो. 80 टक्क्यांपेक्षा लहान करू नका आणि दोन्ही बाजूंची मोकळी जागा खाऊ नका. शाकाहाराची खूण म्हणजे हिरव्या कडेच्या चौकोनात हिरवा भरीव गोल. समोरच्या बाजूचं क्षेत्रफळ 100 चौ. सेंमीपर्यंत असेल तर गोलाचा व्यास किमान 3 मिमी, 100 ते 500 चौ. सेंमी असेल तर 4 मिमी. खाद्य परवान्याचा क्रमांक 14 आकडी असतो, त्याची जागा आधीच सोडा. वजन इंग्रजीत लिहिताना 'जीएम' लिहू नका, नुसता 'जी' हे अधिकृत चिन्ह आहे. ही माहिती शेवटी कोपऱ्यात कोंबली की मागची बाजू बिघडते. कच्च्या आराखड्यातच तिचे चौकोन आखून घेतले तर पूर्ण खोक्याची रचना वेगळी आणि बहुधा चांगली होते.

पोस्टरमध्ये मराठी मजकूर पेस्ट केला की वेलांटी पुढे जाते, जोडाक्षरं फुटतात. प्रेसवाले म्हणतात आउटलाइन करून (अक्षरांचं आकृत्यांत रूपांतर करून) आणा. शिवाय 'ल' आणि 'श' हिंदीसारखे येतात. कुठे चुकतं?
— दोन विद्यार्थी, पुणे आणि पणजी

वेलांटी आणि जोडाक्षरं फुटतात ती सॉफ्टवेअरच्या कंपोजरमुळे, म्हणजे अक्षरं आणि ओळी जुळवणाऱ्या भागामुळे. इनडिझाइनमध्ये पॅरेग्राफ पॅनेलच्या मेनूत 'वर्ल्ड-रेडी पॅरेग्राफ कंपोजर' निवडा. इलस्ट्रेटरमध्ये प्रेफरन्समधल्या टाइप विभागात भारतीय लिपींचे पर्याय सुरू करा आणि दक्षिण आशियाई कंपोजर घ्या. पॅरेग्राफ स्टाइलमध्येच ते ठेवून द्या, नाहीतर नव्या टेक्स्ट बॉक्समध्ये परत तेच होईल. मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल तर त्याला कंपोजरचा उपयोग नाही. तो कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणावा लागतो. त्यानंतर रफार, अनुस्वार आणि 'दऱ्या', 'कुऱ्हाड' यांतला अर्धा र डोळ्यांनी तपासा. कन्व्हर्टर तिथेच जास्त चुकतात.

पाकळीचा ल आणि देठाचा श ही मराठीची रूपं आहेत. महाराष्ट्र शासनाच्या 2009 च्या लिपीविषयक निर्णयातही तीच धरली आहेत. अनेक युनिकोड फॉन्टमध्ये ही रूपं आत असतात, पण मजकुराची भाषा 'मराठी' निवडल्याशिवाय बाहेर येत नाहीत. कॅरेक्टर पॅनेलमध्ये भाषा बदला. तरीही आली नाहीत तर त्या फॉन्टमध्ये ती नाहीत, दुसरा फॉन्ट घ्या. 'टीरो देवनागरी मराठी' या मोफत फॉन्टमध्ये ती मूळचीच आहेत. पुस्तिकेच्या मजकुराला तो शोभतो. अनेक वजनं (अक्षरांच्या बारीक-जाड आवृत्त्या) हवी असतील तर 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्ता' सात वजनांत मोफत मिळतो.

तुम्ही दोघांनीही न विचारलेली, पण पाठवलेल्या दोन्ही पोस्टरांत दिसलेली चूक म्हणजे शीर्षकाचं ट्रॅकिंग (अक्षरांमधलं अंतर) वाढवणं. रोमन कॅपिटल अक्षरं मोकळी केली की डौलदार दिसतात. देवनागरीत तसं केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. ट्रॅकिंग शून्य ठेवा. अक्षर आडवं ताणू नका, जाड हवं असेल तर जाड वजन निवडा. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त हवं : 11 पॉइंटच्या मजकुराला 16-17 पॉइंट. नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या रफार-मात्रांवर आदळतात.

आउटलाइन पोस्टरच्या शीर्षकापुरती ठीक आहे, तीही मुद्रितशोधन झाल्यावर आणि मूळ फाइल जपून ठेवून. बत्तीस पानी पुस्तिकेचा मजकूर आउटलाइन करू नका, बारीक अक्षर किंचित जाड छापलं जातं. फॉन्ट एम्बेड केलेली पीडीएफ द्या. बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत, 100 टक्के काळा ठेवा. तो चार रंगांच्या काळ्यात गेला आणि प्लेट केसभर हलली की अक्षराभोवती रंगीत कड दिसते.

फॉन्टने भागत नसेल तिथे लेटरिंग करा, म्हणजे अक्षरं हाताने रेखाटा, आणि ते कागदावर सुरू करा. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेली नावं जुन्या वर्तमानपत्रांत बघा. एकेका शब्दात नाटकाचा स्वभाव कसा उतरतो आणि तरी शब्द लांबून वाचता कसा येतो, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. आर. के. जोशींचं सुलेखन आणि त्यांनी केलेला 'मंगल' फॉन्ट शेजारी ठेवून बघा. मोकळा हात आणि स्क्रीनची शिस्त ही दोन्ही टोकं एकाच माणसाच्या कामात दिसतात.

माझी मुलगी शेवटच्या वर्षाला आहे. रात्र रात्र कॉम्प्युटरसमोर बसते, छपाईला पैसे लागतात ते आम्ही देतो. प्रदर्शनात चार बोर्ड दिसतात. चार वर्षांत ती किती पुढे गेली हे आमच्यासारख्या माणसाने कसं ओळखावं?
— एक वडील, सोलापूर

तुमचा प्रश्न आम्हाला मनापासून आवडला, कारण तुम्ही गुण विचारले नाहीत. घरी तिच्या पहिल्या वर्षाची स्केचबुकं असतील. ती आणि या वर्षाचं काम शेजारी ठेवायला सांगा. पहिल्या वर्षी बहुधा जागा भरलेली दिसेल : पाच रंग, चार फॉन्ट, प्रत्येक कोपऱ्यात काहीतरी. आता रिकामी जागा दिसत असेल तर ती आळसाची नाही, काय सोडायचं हे तिला कळू लागल्याची खूण आहे.

मग तिला तीन गोष्टी विचारा. हे काम कुणासाठी आहे? यासाठी केलेलं पण टाकून दिलेलं काय काय आहे, आणि का टाकलं? हजार प्रती छापायच्या तर कशावर, कशा आणि अंदाजे कितीला? पहिल्याला 'सगळ्यांसाठी' असं उत्तर आलं तर अजून काम बाकी आहे. दुसऱ्याला तिने उठून रफांचा गठ्ठा आणला तर निश्चिंत राहा. तिसरा प्रश्न शिक्षकही कमी विचारतात, पण नोकरीत तो पहिल्याच महिन्यात समोर येतो. साधारण तीन-पाचशे प्रतींपर्यंत डिजिटल छपाई परवडते, त्यापुढे ऑफसेट स्वस्त पडू लागतं. पानांची संख्या चाराच्या पटीत नसेल तर पिन मारलेल्या पुस्तिकेत कोरी पानं येतात. हे तिला माहीत असेल तर ती धंद्यासाठी तयार होते आहे.

पैशांबद्दल : शेवटच्या आठवड्यातली घाईची छपाई सर्वांत महाग पडते, कारण तीच गोष्ट दोन-तीनदा छापावी लागते. आधी घरच्या साध्या प्रिंटरवर काळ्या-पांढऱ्यात, खऱ्या आकारात तुकडे जोडून काढायला सांगा. मापाच्या आणि शुद्धलेखनाच्या बहुतेक चुका तिथेच सापडतात. आणि रात्रीची जागरणं कौतुकाची मानू नका. पहाटे तीनला पाठवलेल्या फाइलीतच फोन नंबर चुकलेला असतो.

एआयने केलेली चित्रं फायनल प्रोजेक्टमध्ये चालतात का?
— विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

आपल्या महाविद्यालयाचा नियम आधी लेखी विचारा. नियम नसेल तरी कोणतं साधन, कुठल्या चित्रासाठी आणि त्यात स्वतः काय बदललं हे प्रक्रियेच्या पानावर लिहा. विचार मांडण्याच्या कच्च्या टप्प्यावर ही चित्रं उपयोगी पडतात. अंतिम कामात दोन अडचणी येतात. देवनागरी अक्षरं त्यांत अनेकदा मोडतात, म्हणून शब्द नेहमी स्वतः मांडा. आणि 1024 पिक्सेलचं चित्र 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) जेमतेम 8.7 सेंमी छापता येतं. ते दोन फुटी पोस्टरवर ताणलं की जवळून मेण वितळल्यासारखं दिसतं. चित्रशैली हीच तुमची ओळख म्हणून दाखवत असाल तर मात्र हाताने काढा. मुलाखतीत कागद-पेन्सिल समोर ठेवतात.

पोर्टफोलिओत किती प्रोजेक्ट ठेवावेत? पहिल्या-दुसऱ्या वर्षाचं काम घ्यावं का? गटात केलेलं काम कसं दाखवायचं?
— अनेक वाचक

पाच, फार तर सहा प्रोजेक्ट आणि एकूण 25-30 पानं. आडवं पान घ्या, ते स्क्रीनवर पूर्ण दिसतं. सर्वांत चांगला प्रोजेक्ट पहिला, त्याच्या खालोखाल चांगला शेवटी. प्रत्येकाला सुरुवातीला दोन ओळींत प्रश्न सांगा, मग एक पान प्रक्रियेचं, मग तीन-चार पानं अंतिम कामाची. प्रक्रियेच्या पानावर सगळे रफ डकवू नका. जिथे निर्णय बदलला ते दोनच रफ शेजारी ठेवा आणि खाली एक वाक्य लिहा.

पहिल्या वर्षाचं काम जसंच्या तसं घेऊ नका. घ्यायचंच असेल तर तोच जुना विषय आज एका दिवसात नव्याने करा आणि जुना लहान, नवा मोठा असं एकाच पानावर ठेवा. नवा तितकासा चांगला झाला नाही तर ते पान काढून टाका, पण का झाला नाही हे वहीत लिहून ठेवा.

गटाच्या कामात तुमचा वाटा नेमका लिहा : 'फलकांची अक्षररचना आणि नकाशा माझा, चित्रं सहकाऱ्याची.' एकाच गटातले दोघे एकाच स्टुडिओत अर्ज करतात तेव्हा तेच काम दोन नावांनी येतं. मग बोलावणं दोघांनाही येत नाही.

डमींचे फोटो खिडकीतून येणाऱ्या उजेडात काढा, थेट उन्हात नाही. सावलीच्या बाजूला पांढरा सनबोर्ड धरला की कडा उजळतात. फोनचा कॅमेरा जवळ नेऊ नका, चार पावलं मागे येऊन झूम करा, नाहीतर खोक्याच्या उभ्या रेषा वाकड्या येतात. विकत मिळणाऱ्या तयार मॉकअपवर (वस्तूच्या कोऱ्या चित्रावर) चढवलेला लोगो सगळ्यांकडे सारखाच दिसतो. तुमचं स्वतः घडी घालून चिकटवलेलं खोकं, कडेला थोडं उसवलेलं असलं तरी, बघणारा त्यावर जास्त थांबतो आणि प्रश्न विचारतो.

पीडीएफ 10 एमबीच्या आत ठेवा, चित्रं 150 पीपीआयला उतरवा. फाइलला 'पोर्टफोलिओ' असं नाव न देता स्वतःचं नाव आणि वर्ष द्या. पाठवण्याआधी ती फोनवर उघडून बघा. निवड करणारे बरेच जण ती आधी तिथेच बघतात, आणि तुमच्या प्रक्रियेच्या ओळी 8 पॉइंटच्या असतील तर त्या कुणी वाचणार नाही. पानाच्या मापानुसार 14 पॉइंट किंवा अधिक ठेवा.